देवाचं चालू खातं

कुठल्याही देशाची ओळख मला आधी त्याच्या नोटांवरून होते. हा धंद्याचा दोष. शिंपी माणूस भेटला की आधी त्याच्या कॉलरकडे बघतो, न्हावी मानेकडे बघतो आणि बँकेतला कारकून हातात आलेली नोट उजेडाकडे धरतो. तेव्हा दक्षिण कोरियातल्या गांगनुंग गावच्या जत्रेचा इतिहास सांगायला बसल्यावर मी नोटांपासून सुरुवात केली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. शिवाय या नोटांचा त्या गावाशी अगदी घरोब्याचा संबंध आहे.

कोरियातली सगळ्यात मोठी नोट पन्नास हजार वॉनची. आकडा ऐकून छाती दडपते. पण मी गेलो त्या २०२४ सालच्या भावानं तिचे साधारण तीन हजार रुपये होत होते. ही नोट २००९ साली निघाली आणि तिच्यावर चित्र आहे ते एका बाईंचं. शिन साइमदांग (१५०४–१५५१). बाई चित्रं काढायच्या, कविता करायच्या. पाच हजारांच्या नोटेवर आहे तो त्यांचा मुलगा, यी ई ऊर्फ युलगोक (१५३६–१५८४). मोठा तत्त्वज्ञ आणि राजाच्या दरबारातला मंत्री. मायलेक दोघंही नोटेवर, आणि त्यातही आईची किंमत मुलाच्या बरोबर दसपट! हे मी आमच्या मातोश्रींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. यात नवीन काय?"

युलगोक यांची पहिली नोट १९७२ साली निघाली, तेव्हा तिचे साचे इंग्लंडात तयार झाले होते. साचे करणाऱ्यांनी आपल्या सवयीप्रमाणे काम केलं. परिणामी, सोळाव्या शतकातल्या या कोरियन पंडिताला नाक मिळालं ते लंडनच्या साहेबाचं. लोकांनी नाकं मुरडली. शेवटी १९७७ साली नवी नोट काढून पंडितजींना त्यांचं स्वतःचं नाक परत देण्यात आलं. पाच वर्षं परक्या नाकानं श्वास घेणारा दुसरा तत्त्वज्ञ माझ्या ऐकिवात नाही. आपल्या वस्तूला आपलंच नाक असावं, हा हट्ट त्या देशात किती पक्का आहे, हे मला तिथेच कळलं. पुढे जत्रेतही त्याचाच प्रत्यय आला.

हे मायलेक दोघंही गांगनुंगचे. साइमदांगबाईंचं माहेर तिथलं आणि चिरंजीवांचा जन्मही आजोळीच झाला. ते घर अजून उभं आहे. 'ओजुकहोन' म्हणजे काळ्या बांबूंचं घर. अंगणात खरोखरच काळे बांबू आहेत. सासरी जाताना देग्वाल्योंगच्या घाटात उभं राहून, मागे राहिलेल्या माहेराकडे बघत बाईंनी केलेली कविता कोरियात प्रसिद्ध आहे. आमची ही त्या घराच्या ओट्यावर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे कुठेही जा, घाट लागला की बाई मागे वळून बघणारच." मी काही बोललो नाही. आमच्या सासुरवाडीला जाताना घाट लागत नाही, हे त्या वेळी सांगण्यात अर्थ नव्हता.

आता मी तिथे कसा पोहोचलो, ते सांगतो. माझा भाचा इंजिनिअर आहे आणि गेली काही वर्षं तिकडेच नोकरीला आहे. आमच्या घरात कोरियन मालिका मुलीनं सुरू केल्या, आईनं उचलून धरल्या आणि शेवटी आजीपर्यंत पोहोचल्या. त्यामुळे भाच्यानं "मामा, मामीला घेऊन या, इथली मोठी जत्रा दाखवतो" असं म्हणताच माझं मत घरात कुणी विचारलं नाही. रजा शिल्लक होती. ती मंजूर करताना साहेबांनी "कोरिया? तिथे काय आहे?" असं विचारलं. "जत्रा" म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

जत्रेचं नाव दानोजे. दानो म्हणजे चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याची पाचवी तिथी. २०२४ साली ती १० जूनला आली. भातलावणी उरकायची आणि कडक उन्हाळा सुरू व्हायच्या आत चार दिवस मौज करून घ्यायची, असा हा सण. पूर्वी राजा या दिवशी अधिकाऱ्यांना पंखे वाटायचा. (बँका नव्या वर्षाला डायऱ्या वाटायच्या, त्यातलाच प्रकार, फक्त पंख्याचा उपयोग होत असे.) दानो सगळ्या कोरियात होता; पण शहरं वाढली, शेती मागे पडली आणि बऱ्याच ठिकाणी तो कॅलेंडरवरच्या चौकोनात जाऊन बसला. गांगनुंगमध्ये मात्र तो अजून पुरा आठ दिवस नदीकाठी तंबू ठोकून राहतो.

सोलहून गांगनुंगला वेगवान गाडीनं दोन तास लागतात. ही गाडी २०१७ च्या डिसेंबरात सुरू झाली, कारण २०१८ सालच्या हिवाळी ऑलिंपिकमधले बर्फावरचे खेळ इथेच होते. त्याआधी डोंगर ओलांडून यावं लागायचं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उंच डोंगररांग आणि मध्ये ८३२ मीटर उंचीवरची देग्वाल्योंगची खिंड. गावचा देव या खिंडीजवळ राहतो. वाटमारी, वादळ, वाघ, दुष्काळ असं जे काही वाईट यायचं ते खिंडीकडून यायचं. म्हणून राखणदार तिथेच बसवलेला बरा.

आता हा देव कोण, इथे इतिहासाची खरी गंमत सुरू होते. हो ग्युन नावाचे एक बंडखोर लेखक होऊन गेले. १६१८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना मृत्युदंड झाला. त्यांचंही आजोळ गांगनुंगचंच. या गावानं साऱ्या देशाला आजोळ पुरवण्याचा मक्ता घेतला होता की काय, कोण जाणे! १६०३ साली ते गावात असताना त्यांनी ही जत्रा पाहिली आणि लिहून ठेवली. खिंडीतला देव वाजतगाजत आणतात, खेळ-तमाशे करतात. देव प्रसन्न असला तर सजवलेली उंच काठी दिवसभर उभी राहते आणि पीक चांगलं येतं. रागावला तर काठी पडते. देव कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, सेनापती किम यू-सिन. म्हणजे सातव्या शतकातला शिल्ला राज्याचा मोठा योद्धा.

पण आज विचाराल तर मुख्य देव म्हणून नाव येतं बोमिल यांचं. हे नवव्या शतकातले बौद्ध भिक्षू (८१०–८८९). एका कुमारिकेनं सूर्याचं प्रतिबिंब पडलेलं विहिरीचं पाणी पिऊन त्यांना जन्म दिला आणि टाकून दिलेल्या बाळाला क्रौंच पक्ष्यांनी सांभाळलं, अशी कथा आहे. सेनापती अजून आहेत, पण डोंगराचा देव म्हणून. थोडक्यात, चारशे वर्षांत केव्हातरी चार्ज बदलला. तोही भांडण न होता. आमच्याकडे टेबल बदललं तरी युनियनची सभा भरते. इथे मुख्य देव बदलला तरी जुन्या देवाचा मान, नैवेद्य आणि जागा कायम राहिली.

हे ऐकून आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांनी मला परत आल्यावर बजावलं, "लिहून घ्या, तो सेनापती मूळचा आपलाच." त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. किम यू-सिनचं घराणं गाया राज्याच्या राजवंशातलं. त्या वंशाचा मूळ पुरुष राजा सुरो. त्याची राणी इसवी सन ४८ मध्ये 'आयुता' नावाच्या दूरच्या देशातून गलबतानं आली, असं तेराव्या शतकातल्या एका कोरियन ग्रंथात लिहिलं आहे. आयुता म्हणजे अयोध्या, असं बरेच जण मानतात. २००१ साली अयोध्येत त्या राणीचं स्मारकही उभं राहिलं. अभ्यासकांचं मात्र यावर एकमत नाही. पण काकांना अभ्यासकांशी कर्तव्य नव्हतं. "आजोळ आपलं म्हणजे देव आपला," असा निकाल देऊन ते फिरायला गेले.

देवाला बायको आहे. किंबहुना सगळी जत्रा तिच्यासाठीच आहे. गावात जोंग आडनावाचे एक गृहस्थ होते. देव त्यांच्या स्वप्नात आला आणि त्यानं मुलीला मागणी घातली. गृहस्थ म्हणाले, "माणूस नसलेला जावई मला नको." स्थळ नाकारायची अनेक कारणं मी ऐकली आहेत, हे सगळ्यात सयुक्तिक. पण देवानं ऐकलं नाही. एके दिवशी मुलगी पिवळा सदरा आणि निळा घागरा घालून ओट्यावर बसली असताना वाघ आला आणि तिला पाठीवर घेऊन गेला. घरचे शोधत शोधत खिंडीतल्या देवळापाशी पोहोचले, तर मुलगी देवाशेजारी उभी. अंगात प्राण नव्हता. त्या दिवशी चौथ्या महिन्याची पंधरावी तिथी होती.

भाचा हे हसत हसत सांगत होता. आधी मीही हसलो. मग लक्षात आलं की त्या डोंगरात एके काळी खरेच वाघ होते आणि खरंच माणसं उचलून नेत होते. ज्याच्या घरातली पोर अशी गेली, त्यानं काय करावं? त्या गावानं त्या दिवसाला पुण्यतिथी म्हटलं नाही, लग्नाची तिथी म्हटलं. मुलीला देवी केलं आणि वर्षातून एकदा नवराबायकोची गाठ घालून द्यायची, असं ठरवलं. नुसती गाठ नाही, तर आधी तिला माहेरीही न्यायचं. दानोच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मिरवणूक निघते, ती मुलीच्या माहेरच्या घरापाशी थांबते. तिथे पूजा होते, नैवेद्य होतो आणि मग देव-देवी नदीकाठच्या मांडवात जातात.

आम्ही त्या मिरवणुकीत होतो. हातात कागदी कंदील घेतलेली हजारो माणसं. ढोल, झांजा, लांब नळीची पिपाणी. पुढे देवाचं झाड. म्हणजे डोंगरातून निवडून आणलेली फांदी. आपल्याआपण थरथरते ती देवाची, असं मानतात. तिला रंगीबेरंगी कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या. माहेरच्या घरापाशी मिरवणूक थांबली, तेव्हा आमच्या हिनं पदर डोक्यावर घेतला. "अगं, ही कोरियन देवी आहे," मी म्हटलं. "असू दे," ती म्हणाली, "माहेरी आलीय ना?"

दानोच्या दिवशी नदीकाठी पोहोचलो, तर एका तंबूत बायकांची ही गर्दी. मोठ्या हंड्यांत काढा उकळत होता आणि त्या पाण्यानं केस धुणं चालू होतं. केस काळेभोर, चमकदार होतात आणि वाईट नजर लागत नाही, असं म्हणतात. त्या वनस्पतीला तिथे 'छांगफो' म्हणतात. आमच्या हिनं एक पान हातात घेतलं, चुरडलं, वास घेतला आणि जाहीर केलं, "वेखंड!" भाच्यानं फोनवर पाहिलं. खरंच वेखंड. बाळंतविड्यातलं, सहाणेवर उगाळून बाळाला चाटवायचं, तेच. परक्या देशात इतक्या घरच्या वासाची आमच्यापैकी कुणालाच अपेक्षा नव्हती. हिनं लगेच रांगेत उभं राहून केस धुऊन घेतले आणि शेजारच्या दोन कोरियन आज्यांना, भाषा येत नसताना, वेखंडाचे इतर उपयोगही समजावून दिले. त्यांना ते कळले, असं ती अजून सांगते.

हे केस धुणं किती जुनं आहे, याचा पुरावा शिन युन-बोक या जुन्या चित्रकारानं देऊन ठेवला आहे. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्याच्या चित्रात दानोच्या दिवशी बायका ओढ्यावर अंग धुताहेत, एक झोपाळ्यावर उभी आहे, आणि कोपऱ्यात खडकाआडून दोन पोरगेले भिक्षू टकामका बघताहेत. इतिहासाचा हा अस्सल कागद. सनावळ्यांच्या पुस्तकात ते दोन भिक्षू कधीच सापडले नसते.

पलीकडे वाळूत कुस्त्या चालल्या होत्या. कमरेला आणि मांडीला कापडी पट्टा बांधायचा, एकमेकांचा पट्टा धरायचा आणि समोरच्याला पाडायचं. याला 'स्सिरम' म्हणतात. २०१८ साली हा खेळ युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला, तो उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या नावे मिळून. एरवी एकमेकांकडे तोफा रोखून बसलेल्या दोन भावांचं हे यादीतलं पहिलंच जॉइंट खातं. आमच्या शाखेत जॉइंट खात्यावरून भांडणारे सख्खे भाऊ आठवड्याला एक तरी येतात. त्यांना मी आता हे उदाहरण देतो.

पण मी सगळ्यात रमलो ते मुखवट्यांच्या नाटकात. हे नाटक पूर्वी सरकारी कचेरीतले गुलाम करत. नाटकात एकही शब्द नाही. गुलामांनी साहेबाविरुद्ध तोंड उघडायचं नाही, म्हणून ते मुकं राहिलं, असं सांगतात. तोंड उघडायचं नाही, पण नक्कल करायला कुठे बंदी आहे? साहेब म्हणजे यांगबान, उमराव. त्याला ही लांबलचक दाढी. तो एका तरुणीच्या प्रेमात पडतो. दोन राक्षसी मुखवट्यांचे मत्सरी इसम येऊन दोघांत बिघाड करतात. साहेब तिच्यावर संशय घेतो. ती बिचारी आपलं निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी साहेबाच्याच दाढीनं गळफास लावून घेते! मग साहेबाची तारांबळ, देवाची प्रार्थना, ती उठून बसते आणि शेवटी सगळे नाचतात. साहेबाची दाढी सगळ्यांसमोर अशी कामाला लावणारा लेखक जो कोण गुलाम होता, त्याला नमस्कार. साहेब बाहेर गेल्यावर केबिनच्या दाराशी त्यांच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करणारा आमचा शिपाई मला राहून राहून आठवत होता. तोही एक शब्द बोलत नाही.

गुलामगिरी १८९४ साली कायद्यानं संपली. ती संपली ते उत्तमच झालं. पण नट गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाटकही थांबलं. १९१० ते १९४५ जपानचं राज्य होतं. गावकऱ्यांनी ढोल वाजवत एकत्र जमणं कुठल्याच परक्या सरकारला आवडत नाही. सरकारी पूजा बंद झाल्या, देवळं गेली. तेव्हा जत्रा लहान झाली आणि बाजारातल्या दुकानदारांच्या आधारानं तगली. धंदा बरा चालावा म्हणून का होईना, त्यांनी देवाचा दिवा विझू दिला नाही. इतिहासकार राजांना मान देतात. मला त्या वर्गणी काढणाऱ्या वाण्यांचं नाव कुठेतरी कोरलेलं बघायला आवडलं असतं.

पुढची हकिगत तर कुठल्याही सरकारी कचेरीत शोभेल अशी. १९६७ साली सरकारनं या जत्रेला राष्ट्रीय वारसा म्हणून १३ वा क्रमांक दिला. लहानपणी पाहिलेलं नाटक आठवणारे म्हातारे शोधून, त्यांच्या आठवणींतून ते मुखवटे पुन्हा उभे केले गेले. आणि १९७० पासून त्याच सरकारनं खेडी सुधारायची मोठी मोहीम काढली. तिच्यात अंधश्रद्धा म्हणून गावोगावची छोटी देवळं पाडली गेली आणि मुदांग म्हणजे अंगात देव येणाऱ्या बायकांना हुसकण्यात आलं. एका खात्यानं ज्या बाईचं गाणं राष्ट्राचा ठेवा म्हणून नोंदवायचं, त्याच गाण्यासाठी दुसऱ्या खात्यानं तिच्याच जातभगिनीला गावाबाहेर काढायचं. डाव्या हातानं नावे, उजव्या हातानं जमा. बँकेत असा ताळेबंद कोणी केला असता तर तपासणी अधिकारी मूर्च्छित पडला असता. सरकारचे मात्र दोन्ही रकाने शांतपणे जुळतात.

आज त्याच मुदांग बायका मुख्य मांडवात सकाळपासून संध्याकाळपर्यंत गातात. आधी उंच काळ्या टोप्या घातलेले प्रतिष्ठित लोक येतात, शिस्तीत वाकतात, चिनी धाटणीचा संकल्प वाचतात. ही कन्फ्यूशियसपंथी पूजा. ते गेले की बायका ढोल सुरू करतात. समोरचा देव बौद्ध भिक्षू. शतकानुशतकं या तीन पंथांनी एकमेकांना नावं ठेवली. मांडव मात्र एकच. एका मुदांगेनं आंधळ्या बापासाठी स्वतःला विकणाऱ्या मुलीची कथा लावली होती. डोळ्यांचे विकार बरे व्हावेत म्हणून ती गातात. पुढे बसलेल्या आज्या त्याच डोळ्यांना पदर, नव्हे रुमाल, लावत होत्या.

२००५ साली युनेस्कोनं या जत्रेला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. त्याआधी, २००४ पासूनच चीनमध्ये गदारोळ उठला होता. पाचव्या महिन्याची पाचवी तिथी मूळ आमची, आमचा सण चोरला! त्यांचंही एका अर्थी खरं होतं. तिथी चिनी पंचांगातली, आणि त्या दिवशी चीनमध्ये नौकांच्या शर्यती लागतात, पानात बांधलेल्या भाताच्या पुरचुंड्या खातात. पण गांगनुंगमध्ये ना नौका, ना पुरचुंड्या. इथे डोंगरातला भिक्षू, वाघानं नेलेली मुलगी आणि साहेबाची दाढी. तारीख एक असली म्हणून खातं एक होत नाही; नाहीतर एक तारखेला पगार होणारे आम्ही सगळे एकाच कुटुंबातले ठरलो असतो. या भांडणाचा फायदा मात्र झाला. चीनमध्ये २००८ पासून त्या सणाला सार्वजनिक सुटी मिळू लागली आणि २००९ साली त्यांचंही नाव यादीत लागलं. शेजाऱ्यानं पासबुक भरून घेतल्याशिवाय आपलं पासबुक कुठे ठेवलंय, हे माणसाला आठवत नाही.

पण जत्रा कोणाची, हा प्रश्न मला तिथे युनेस्कोच्या यादीनं सुटलेला दिसला नाही. तो सुटला तांदळानं. जत्रेच्या महिनाभर आधी, चौथ्या महिन्याच्या पाचव्या तिथीला, जुन्या सरकारी कचेरीत देवासाठी तांदळाची दारू घालतात. ती घालताना पुजारी तोंडात कागद धरतात. बोलण्यानं ती बाटू नये म्हणून. (हा नियम आमच्या शाखेत लागू केला तर दिवसाचं काम दुपारी एकला संपेल.) पण एवढ्या जत्रेला पुरेल इतकी दारू व्हायची, तर तांदूळ हवा. तो गावकरी देतात. कोणी पिशवीभर, कोणी पोतंभर. २०२० साली करोनामुळे जत्रा पडद्यावर, म्हणजे इंटरनेटवर झाली. तेव्हाही लोक मोटारी घेऊन आले, काच खाली करून तांदूळ दिला आणि पुढे गेले. जत्रेला जाता येणार नव्हतं, तरी भरणा चुकवला नाही.

भाच्याची रजा संपून तो परत गेल्यावर आम्ही दोघं आणि भाषांतर करणारा फोन, असे तिघेच उरलो. मांडवाबाहेर एका आजींनी आम्हाला थांबवून त्या दारूची वाटी पुढे केली. आंबिलीसारखी पांढरी, आंबूस. मी सौ.कडे पाहिलं. "तीर्थ आहे," तिनं निर्णय दिला. मग फोनमधून मी आजींना विचारलं, की तुम्हीही तांदूळ दिला का? आजी बराच वेळ बोलल्या. फोननं ते एवढंच सांगितलं: "माझी सासू देत होती. आता मी देते. यात मी पण आहे." आणि आजींनी वाटीकडे बोट दाखवलं.

आमच्याकडे नियम आहे. खातेदारानं दोन वर्षं खात्यावर व्यवहार केला नाही, की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं गेली, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. मग वारस येतात, कागद आणतात, आजोबांचं नाव सांगतात, आवाज चढवतात. आजोबा थोर होते, यात शंका नसते. प्रश्न एवढाच असतो, की मधल्या काळात तुम्ही काय भरलंत? चिनी, कोरियन आणि आमच्या इमारतीतले काका, सगळे सणाचं मूळ कोणाचं यावर बोलत असतात. मूळ म्हणजे खातं उघडलं तो फॉर्म. त्यावर सही कोणाची हे महत्त्वाचं खरं. पण खातं चालू राहतं ते त्या आजींच्या पिशवीवर. राजे गेले, गुलाम सुटले, जपानी आले आणि गेले, सरकारनं एका हातानं मोडलं, दुसऱ्यानं जपलं, देवसुद्धा बदलला. तांदूळ येत राहिला.

शेवटच्या रात्री नदीकाठी देवाला निरोप देतात. आठ दिवस सजवलेली देवाची फांदी, कागदाची फुलं, कंदील, सगळं एकत्र करून जाळतात. एवढ्या नाजूक कामाची फुलं आगीत घालताना माझ्यातला कारकून कळवळला. पुढच्या वर्षी चालली असती की! पण तसं करत नाहीत. शिल्लक पुढे ओढायचीच नाही. राख झाली, ढोल थांबले, तंबूवाले दोऱ्या सोडू लागले. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या बायका घरी जाताना एकमेकींशी काहीतरी बोलत होत्या. फोन पुढे केला, तर त्यानं सांगितलं, "पुढच्या वर्षी पाऊस नसला तर बरं."